मातीची फौज

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर आम्ही मातीचे मावळे मांडीत असू. जय नेहमी आमचाच! यंदा यवतमाळच्या घरी चाळीस वर्षांनी कुंचला पुन्हा हाती घेतला. बोटभर शिपाई रंगविताना हात कापे. मिशी गालावर जाई. मुलांसाठी या खेपेस ओसरीवरील पाटावर याच जिल्ह्यातील रण मांडिले: पांढरकवड्याजवळची शिवणी, १७ एप्रिल १८१८. तेथे कर्नल अ‍ॅडम्सने दुसऱ्या बाजीरावांच्या फौजेचा मोड केला, बाजीराव निसटले.

"आपण जिंकलो असे मांडू या ना!" धाकटा म्हणाला. क्षणभर आम्हांसही मोह झाला. मग पेशव्यांचा घोडा उचलून आम्ही पाटाबाहेर ठेविला. मुले गप्प झाली. पराभवही घरच्या वडील माणसांकडूनच कळलेला बरा.