विज्ञानाच्या शिक्षकाला एकटे सोडू नका

गणित आणि विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळाले तरी मुलगा पुढे जाणार! ऑक्टोबर 2024 मध्ये राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली ही तरतूद बाहेर आली तेव्हा आपल्यातल्या अनेकांना बरे वाटले. या दोन विषयांत अडकून किती मुले शाळेला कायमचा रामराम करतात, हे वस्तीत काम करताना आम्ही रोज पाहतो. त्यामुळे तो आनंद आम्हाला कळतो. पण तरतुदीचा दुसरा भाग वाचा. अशा मुलाला अकरावीत प्रवेश मिळेल, मात्र गणित-विज्ञानाचे शिक्षण त्याला घेता येणार नाही आणि तसा शेरा गुणपत्रिकेवर असेल. हा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर येणार? शहरातल्या महागड्या क्लासला जाणाऱ्याच्या नक्कीच नाही.

उंबरठा खाली आणायचा आणि आतले दार बंद करायचे, याला आम्ही सवलत म्हणत नाही. मूल मागे का पडते, हा खरा प्रश्न आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 सांगतो की सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक हवा. आमच्या कामाच्या भागात तो खरोखरच एकच असतो. तीन वर्गांचे दोन्ही विषय त्याच्याकडे, वर निवडणुकीचे काम आणि रोजची ऑनलाइन माहिती भरणे. त्यात आता चाचण्यांची भर. राज्याच्या नियतकालिक चाचण्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या. ज्या विषयाची चाचणी नाही, त्याचा तास आधी खाल्ला जातो. मग 2023-24 पासून आठवीला वार्षिक परीक्षा आली. तिच्यात विज्ञान आहे, आणि पुरवणी परीक्षेतही नापास झाला तर मुलगा त्याच वर्गात. नववीला ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणातही विज्ञान तपासले जाते. सहावी-सातवीत ज्याला वेळच दिला नाही, त्याचा जाब आठवीत मुलाला आणि शिक्षकाला विचारायचा, हा कुठला न्याय?

आमचेच सांगतो. आमच्या शाळेत प्रयोगशाळा होती, पण तिला कुलूप होते. परीक्षानळी आम्ही पुस्तकातल्या चित्रातच पाहिली. पुढे समाजशास्त्रात एम.ए. केले, त्याचा अभिमान आहे. पण विज्ञान शाखेकडे जायचे की नाही, हे ठरवण्याची संधी त्या कुलपाने आम्हाला दिलीच नाही.

प्रश्न फक्त नोकरीचा नाही. राज्याच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 चा पहिलाच पाठ आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, तेव्हा 2023 मध्ये 1800 हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि नागरिकांनी पत्र लिहून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, असे उत्तर मिळते. पण आपली किती मुले तिथपर्यंत पोहोचतात? जन्मावरून उच्च-नीच ठरवणाऱ्या देशात सगळी माणसे एकाच वंशवृक्षाची आहेत, हे शिकवणारा पाठ केवळ चार गुणांचा नसतो. राज्याची नवी पुस्तके पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येत आहेत. ती दहावीपर्यंत पोहोचतील तेव्हा हा पाठ राहतो की जातो, यावर आतापासून लक्ष ठेवले पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतात, शिक्षकाला भरपूर पगार आहे, त्याला पाठिंबा कशाला? न शिकवणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण जो शिकवू पाहतो त्याच्या हातात साहित्य नाही, तास नाही आणि शंका विचारायला दुसरा विज्ञान शिक्षक नाही. त्याला नुसता दम देऊन आपल्या मुलांना काय मिळणार? नवा आराखडा कृतीतून, प्रयोगातून शिकवा म्हणतो. चांगलेच आहे. मग साहित्य आणि वेळही द्या, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत कागदांऐवजी प्रयोगांवर बोलू द्या.

हे मागायला आपण शाळेत असायला हवे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने 75 टक्के पालक असतात. तिथे आपल्या आया-बहिणी सही करण्यापुरत्या नकोत. या महिन्यात किती प्रयोग झाले, विज्ञानाचे किती तास बुडाले, कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे त्यांनी विचारावे. 14 एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला तर भिंगे, चुंबके, परीक्षानळ्या येतात. आपल्यातले इंजिनिअर, नर्स, लॅब टेक्निशियन यांनी महिन्यातून एक दिवस शिक्षकाच्या सोबतीला वर्गात उभे राहावे.

संविधानाच्या कलम 51-क ने वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. विहारात आपण ते ऐकतो. शाळेत तेच काम रोज करू पाहणारा माणूस म्हणजे विज्ञानाचा शिक्षक. त्याची जात, संघटना कोणतीही असो, या लढ्यात तो आपला आहे.

जय भीम!