वाघूर पारोळ्यास थांबली

कांहीं अपराध असे असतात कीं, ते हातून घडत असतांना त्यांस कर्तव्य हें नांव असतें. आमच्या संपादकीय कारकीर्दींतील असा एक अपराध आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

गोष्ट २००७ सालची. खानदेशांतील एका महाविद्यालयांत आम्ही इंग्रजी शिकवीत होतों. आणि इंग्रजी शिकविणारास मराठी आपोआपच येतें, अशी समजूत रूढ असल्यामुळें वार्षिकांकाच्या मराठी विभागाचें संपादनहि आमच्याच गळ्यांत पडलें होतें. पहिला पाऊस, आईचें प्रेम आणि महाविद्यालयाचें फाटक ह्या तीन विषयांवरील कवितांच्या ढिगांतून त्या वर्षीं एक विज्ञानकथा निघाली. लिहिणारा विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. राहणारा पारोळें तालुक्यांतील एका खेड्याचा.

त्या कथेंत एक मोटार होती. दोघांनाच बसतां येईल अशी, जमिनीस पोट लावून धांवणारी, आणि पेट्रोलचा थेंबहि न पिणारी. आदल्या वर्षींच, १९ जुलै २००६ रोजीं, टेस्ला कंपनीनें अमेरिकेंत आपल्या 'रोडस्टर' नामक विजेच्या गाडीचा नमुना लोकांस दाखविला होता. लॅपटॉपमध्यें असतात तसले ६,८३१ बारके विद्युत्घट एकत्र बांधून त्या जातीची गाडी चाले. ती वार्ता ह्या मुलानें वर्तमानपत्रांत वाचली असावी. परंतु त्याची गाडी जन्मली होती ती जळगांवच्या एका गॅरेजांत. आणि तिचें नांव जळगांवाजवळून वाहणाऱ्या नदीवरून 'वाघूर' असें ठेवलें होतें.

जळगांव ते धुळें हें सुमारें ९५ किलोमीटरांचें अंतर वाघूरनें ४० मिनिटांत तोडावयाचें, असा नायकाचा पण. ज्यांनीं चाळीसगांवच्या फलाटावर बसून धुळ्याच्या गाडीची वाट पाहिली आहे, किंवा एस. टी. च्या खिडकींतून एरंडोल आणि पारोळें मोजीत हा प्रवास केला आहे, त्यांस ह्या पणाची गोडी सांगावयास नको.

पण वाघूर धुळ्यास पोहोंचतच नाहीं. पारोळ्यापाशीं तिची वीज संपते. नायक रस्त्याकडेच्या मळ्यांत जातो, तों तेथें भारनियमन! शेतकरी अंधारांत बसून विजेची वाट पाहात असतात. तोहि त्यांच्यांत जाऊन बसतो. मध्यरात्रीं वीज येते. नायक आपली तार घेऊन पुढें सरसावतो, तेव्हां मळ्यांतली म्हातारी त्याला म्हणते, "पहिले पानी, मंग तुनी गाडी." कथा संपते त्या वेळीं आमचा हा संशोधक कपाशीच्या सरींत विजेरी धरून उभा असतो, आणि पाणी हळूहळू पुढें सरकत असतें.

आम्हीं तांबडी शाई उचलली. विज्ञानकथेचा शेवट विज्ञानाच्या विजयांत व्हावा, हा आमचा सिद्धान्त. आम्हीं शेवटचीं दोन पानें काढून टाकलीं आणि त्यांच्या जागीं स्वहस्तें एक परिच्छेद लिहिला. त्यांत वाघूर धुळ्याच्या पांच कंदिलापाशीं येऊन थांबते व नागरिक टाळ्यांचा कडकडाट करतात. म्हातारी गेली, तिची अहिराणीहि गेली.

मुद्रितें पाहून तो मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, गाडी पोहोंचत नाहीं. तिथं लाईट नसते."

"अरे, ही भविष्यकाळांतली गोष्ट आहे."

"मग भविष्यांत तरी आमच्याकडे लाईट कुठून आली, तें लिहावं लागेल ना, सर?"

आम्ही हंसलों, आणि छापखान्याची मुदत त्याला दाखविली. अंक निघाला. कथेची स्तुतिहि झाली, विशेषतः शेवटाची. त्या मुलानें पुन्हां कधीं कांहीं आणून दिलें नाहीं.

आज विचार करितां वाटतें कीं, त्याचा प्रश्न हाच विज्ञानकथेचा खरा प्रश्न होता. वेगाचें कौतुक जुनेंच आहे. ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. २९ एप्रिल १८९९ रोजीं बेल्जमचा जेनात्झी हा पॅरिसजवळ तींतून धांवला होता. त्याहूनहि तीस वर्षें आधीं ज्यूल व्हर्ननें 'नॉटिलस' ही पाणबुडी विजेवर चालविली. परंतु ती वीज समुद्राच्या पाण्यांतील सोडियमपासून कशी मिळते, हें सांगण्यास तो चुकला नाहीं. व्हर्न आम्हीं वाचला होता. समजला होता तो त्या मुलास. भुसावळजवळ दीपनगरास वीज निर्माण होते आणि त्याच जिल्ह्यांतील मळा अंधारांत बसतो, हें कोडें त्यानें कथेंत आणलें होतें, आणि तेंच आम्हीं खोडलें.

१९७४ सालीं जयंत नारळीकरांनीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस आपली पहिली विज्ञानकथा 'नारायण विनायक जगताप' ह्या टोपणनांवानें पाठविली होती. उद्देश हा कीं, परीक्षकांनीं नांव न पाहतां कथा पाहावी. आमच्यापुढें मुलाचें नांव, गांव आणि बोली हीं तिन्ही होतीं. आम्हीं त्या तिहींस मार्क दिले; कथा पाहावयाची राहूनच गेली.

मध्यंतरीं पुष्कळ पाणी वाहून गेलें. धुळें जिल्ह्यांत साक्रीकडे २०१३ मध्यें १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प उभा राहिला. २०२२ मध्यें एस. टी. ची विजेवरची 'शिवाई' पुण्याहून नगरास धांवूं लागली. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पुतण्यानें आम्हांस आपल्या विजेच्या गाडींतून धुळ्यास एका लग्नास नेलें. पारोळ्याच्या अलीकडे तो गाडी भरून घेण्यास थांबला. यंत्र होतें, तार होती. वीज मात्र गेलेली होती. तासभर आम्ही चहाच्या टपरीवर बसलों. पुतण्या चरफडत होता. आम्हांला म्हातारी आठवत होती.

घरीं परतल्यावर जुना वार्षिकांक शोधून काढला. त्यांत टाळ्यांचा कडकडाट तसाच होता. मूळ हस्तलिखित मात्र मिळालें नाहीं. तें आम्हींच रद्दींत घातलें असलें पाहिजे. खटपट करून त्या विद्यार्थ्याचा पत्ता लावला व फोन केला. तो आतां पुण्यास नोकरी करतो. आवाजांत पूर्वीचाच आदर होता. आम्हीं क्षमा मागितली, तेव्हां तो संकोचून म्हणाला, "सर, असूं द्या. माझा शेवट काय होता, तें मलाहि आतां आठवत नाहीं."

म्हणजे त्या दोन पानांची आतां एकच प्रत उरली आहे, आणि ती ज्यानें तीं पानें फाडलीं त्याच्या स्मरणांत. ह्या वयांत तिचा भरंवसा किती धरावा? म्हणून ती येथें उतरवून ठेवली आहे. तो अंक कोणाच्या घरीं असेल, तर त्यांनीं शेवटचा परिच्छेद खोडून हीं वाक्यें तेथें लिहावीं, अशी विनंती आहे. शाई तांबडी नसली तरी चालेल.