एकोणतीस

सदाशिव पेठेत उलटी मोजणी करणाऱ्यांची वाण नाही. येथील अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षेला उरलेले दिवस मोजणारी मुले आम्ही रोज पाहतो. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या भाचीने जी उलटी मोजणी मांडली, तिने आम्हांस खजील केले. त्याची ही हकीकत.

ही मुलगी इंग्रजी माध्यमात सातवीला. ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळे रचण्याच्या संगणक-खेळात तिला तीसपासून शून्यापर्यंत उतरणारा आकड्यांचा फलक बांधायचा होता. आम्ही आधी नाक मुरडले, मग शेजारी बसलो. प्रत्येक अंकाला दिव्यांच्या सात पट्ट्या. आठाला सातही पेटतात, एकाला दोनच, शून्याला मधली सोडून सहा. दिव्यांपर्यंत संदेश नेते ती ‘रेडस्टोन’ची तांबडी पूड. तिचा जोर पंधरा ठोकळ्यांपर्यंत टिकतो. त्यापुढे ‘रिपीटर’ बसवावा लागतो.

घोडे अडले ते पहिल्याच पावलाला. शून्य जाऊन नऊ येई, पण दशकाचा तीन हलेना. तीसनंतर थेट एकोणचाळीस! ‘‘हातचा घ्यायचा राहिला,’’ आम्ही म्हणालो. दोन दिवस खपून तिने एककापासून दशकापर्यंत एक स्वतंत्र वाट टाकली, आणि फलक चालू लागला. तीसच्या पेटलेल्या पट्ट्या अकरा, पुढच्या आकड्याच्याही अकराच. फक्त दोन विझल्या, दोन पेटल्या.

आम्ही उत्साहाने मोठ्याने मोजू लागलो, ‘‘तीस, एकोणतीस...’’

‘‘मामा, थांबा. यात नऊ कुठे आहे? आणि तिनाचे दोन झाले, तरी तुम्ही तीस का म्हणता?’’

आम्ही व्युत्पत्ती सांगितली. ऊन म्हणजे उणे. एकाने उणे तीस, ते एकोणतीस. लॅटिनमध्येही एकोणिसाला ‘विसाला एक कमी’ असेच म्हणत. तिने ऐकून घेतले. ‘‘छान आहे. पण लिहिताना दोन आणि नऊच लिहायचे ना?’’

येथे आम्हांस 2019 साल आठवले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. जोडाक्षरे आणि उच्चाराचा उलटा क्रम मुलांना अडवतात, असे समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या. आम्ही त्यांचे म्हणणे वाचलेसुद्धा नाही. भाषा बुडाली असे खरमरीत पत्र एका वर्तमानपत्राला धाडून मोकळे झालो. ते छापून आले, आणि ते कात्रण आम्ही जपूनही ठेवले!

‘एकोणतीस’ हा शब्द आजही आम्हांस प्रिय आहे. त्यात एक वजाबाकी गोठलेली आहे. परंतु ती वजाबाकी ऐकू येण्यासाठी आधी संस्कृतातला ‘ऊन’ ठाऊक असावा लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलाने तो कोठून आणावा, हा प्रश्न त्या पत्रात आम्ही विचारला नव्हता. आमच्या भाचीला तो शब्द अडला, तेव्हा सांगायला मामा शेजारी होता. ज्यांच्या शेजारी कोणी नसते, त्यांच्यासाठी ते पुस्तक होते.

फलक आजही त्या खेळात आहे. भाची फोनवर मोजते, आम्हीही मोजतो. एकोणतिसाशी ती क्षणभर थांबते, आणि हसून आमचाच शब्द उच्चारते. कात्रण मात्र आम्ही फाडून टाकले.