नुसतं सोडून दिलंय

सेकंड शिफ्ट सुटली होती. खराबवाडीजवळ रस्त्याकडेला उभ्या ट्रकच्या रांगेमागे, विजेच्या खांबाला सुतळीनं बांधलेलं एक पिल्लू दिसलं. बीगल जातीचं, सहाएक महिन्यांचं. उचललं तर हाताला नुसती हाडं लागली. पुढ्यात बिस्किटांचा पुडा फोडून ठेवला होता, त्यातलं एकही खाल्लेलं नव्हतं. जर्किनच्या आत घालून त्याला मोशीला घरी आणलं. मुलीनं रात्रीतच नाव ठेवलं, चिंगी.

सकाळी तक्रार द्यायला गेलो. हवालदार भले होते, कायद्याचं पुस्तकच माझ्यापुढे सरकवलं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960, कलम 11. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून दिलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तोही अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास नाही. "मारलं असतं, पाय तोडला असता, तर न्याय संहितेचं 325 लागलं असतं, दादा. पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इथं नुसतं सोडून दिलंय."

तो 'नुसतं' शब्द माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

भोसरीच्या डॉक्टरबाईंनी आधी जंत धरले, मग कावीळ. दोन्ही नव्हतं. रक्तात जीवनसत्त्व बी-12 जवळपास संपलेलं, लघवीतून प्रथिनं जात होती. जनुकीय तपासणीनंतर नाव कळलं: इमरस्लुंड-ग्रॅसबेक. अन्नातलं बी-12 आतड्यात उचलून घेणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली. कितीही मटण-अंडी घाला, अंगी लागत नाही. सदोष जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक यावं लागतं. ते दोघं मात्र धडधाकट दिसतात, म्हणून पुन्हापुन्हा लावले जातात. माणसांच्या मुलांतही हा आजार होतो. नॉर्वेच्या ओल्गा इमरस्लुंड आणि फिनलंडच्या राल्फ ग्रॅसबेक यांनी तो 1960 मध्येच नोंदवला. आपला कायदाही त्याच सालचा. आजारावर बी-12 चं इंजेक्शन तरी आहे, दंडाचा आकडा पन्नासच राहिला. 2022 मध्ये शिक्षा वाढवण्याचा मसुदा लोकांपुढे आला होता, तेव्हा मला फार आशा वाटली होती.

पहिल्या इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी चिंगीनं आपणहून वाटीतला भात चाटला. मी आणि मुलगी ओट्याखाली बसून बघत राहिलो. औषध लालभडक असतं. आधी दर आठवड्याला टोचायचो, आता महिन्याला. आयुष्यभर टोचावं लागेल. पहिल्या रक्ततपासणीलाच त्या दंडाच्या कितीतरी पट पैसे गेले, त्याचं मला काही नाही.

मला राग आहे तो पिल्लं विकणाऱ्याचा. 2017 च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. चिंगी कुठून आली याची नोंद कुणाकडे शोधायची? तपासच नाही, तर विचारणार कोण? तिची आई कुठल्यातरी खोलीत, पिंजऱ्यात, त्याच नराकडून पुढचं वेत देत असेल.