बेगमी

मुलांनो, मराठीत 'बेगमी' असा एक शब्द आहे. 'पावसाळ्याची बेगमी', 'वर्षाच्या धान्याची बेगमी' असे शब्दप्रयोग तुम्ही वाचले असतील. पुढे लागणाऱ्या वस्तूंचा आधीच साठा करून ठेवणे म्हणजे बेगमी करणे. हा शब्द मराठीत फारसीतून आला आहे. तो जरा फोडून पाहा. 'बे' आणि 'गम'. या दोन शब्दांचा अर्थ तुम्हांला मी सांगायला नको. ज्याला गम नाही, चिंता नाही, तो बेगम. घरात धान्य भरलेले असले, की मनाला घोर राहत नाही. म्हणून मराठीत साठा आणि निश्चिंतपणा एकाच शब्दात नांदतात.

पूर्वी आपल्याकडे उन्हाळा आला, की घरोघरी बेगमी सुरू होई. गच्चीवर आणि अंगणात खाटा टाकून त्यांवर सुती फडकी पसरत. त्यांवर पापड, कुरडया, सांडगे आणि शेवया वाळत. वर्षाचे तिखट कुटून बरणीत भरत. कैरीचे लोणचे घालत. उन्हात पदार्थातले पाणी निघून जाते आणि पाण्यावाचून त्याला बुरशी लागत नाही. हे शास्त्र आपल्या आजी-पणजींना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. आजही पुष्कळ घरांत हे वाळवण होते.

मी तुम्हांला सांगणार आहे ती बेगमी मात्र उन्हात वाळवण्याची नाही. ती बर्फात गोठवण्याची आहे, आणि ती आहे चिकन समोशांची!

आम्ही मालेगावला राहतो. मोसम नदीच्या काठचे हे गाव यंत्रमागांचे गाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खटखट चालू असते. माझे पती मागाच्या कारखान्यात कामाला आहेत आणि मी शाळेत शिकवते. घरात आम्ही पाच माणसे. आम्ही दोघे, माझ्या सासूबाई, एक मुलगी आणि तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला मुलगा. सासूबाईंना मी अम्मी म्हणते. मुलांच्या त्या दादी.

रमजानमध्ये असर आणि मगरिब या दोन नमाजांमधला दीड तास कसा असतो, हे तुम्ही आपल्या घरी पाहिलेच असेल. सगळ्यांना रोजा असतो. घशाला कोरड पडलेली असते. तरी स्वयंपाकघरात मात्र धावपळ चालू असते. एकीकडे फळे चिरायची, दुसरीकडे भजी तळायची, सरबत करायचे, दस्तरखान मांडायचा. घड्याळाचा काटा कोणासाठी थांबत नाही. आमच्या घरी ही धावपळ मी, अम्मी आणि माझी मुलगी अशा तिघी करत होतो. माझा मुलगा त्या वेळी मैदानात क्रिकेट खेळत असे. तसे त्याला कोणी सांगितले नव्हते, पण घरी थांबायलाही कोणी सांगितले नव्हते. बहुतेक घरांत असेच चालते.

२०२५ साली माझी मुलगी दहावीला होती. शालान्त परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होऊन १७ मार्चपर्यंत चालणार होती आणि रमजान मार्चच्या पहिल्या दोन दिवसांत लागणार होता. म्हणजे अर्धी परीक्षा रोजे धरून द्यायची होती. एका रात्री वेळापत्रक समोर ठेवून ती गप्प बसली होती. मी कारण विचारले. ती म्हणाली, "अम्मी, सकाळी पेपर देऊन येईन. दुपारी थकवा असेल. रात्री तरावीह आणि पहाटे सहरी. मग दुसऱ्या दिवशीच्या पेपरचा अभ्यास कधी करू? मला संध्याकाळचा तो एक तास मिळेल का?"

मुलांनो, तिने पैसे मागितले नव्हते की नवे कपडे मागितले नव्हते. तिने फक्त एक तास मागितला होता. आणि तोच तास देणे सर्वांत अवघड होते.

मी ठरवले, की या वर्षी समोसे आधीच करून फ्रीझरमध्ये ठेवायचे. हे ऐकून अम्मींना बरे वाटले नाही. आमच्या घरातले बोलणे उर्दूत होते. ते मी मराठीत सांगते. अम्मी म्हणाल्या, "दुल्हन, रोजेदारांना शिळे खाऊ घालणार का? ताज्या हातची बरकत वेगळीच."

मी म्हणाले, "अम्मी, तुमच्या शेवया उन्हाळ्यात होतात आणि आपण त्या वर्षभर खातो. त्यांना कोणी शिळे म्हणते का?"

अम्मी काही बोलल्या नाहीत. पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही कामाला बसलो, तेव्हा सर्वांच्या आधी पाट घेऊन त्याच बसल्या होत्या.

आता हे काम कसे केले, ते नीट ऐका. तुम्हांलाही ते करता येईल. मात्र विस्तवाजवळचे काम मोठ्या माणसांबरोबरच करा.

दोन किलो चिकनचा खिमा आणला. आले-लसणाचे वाटण, हळद आणि मीठ घालून तो शिजवला आणि त्यातले पाणी पूर्ण आटवले. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. सारणात पाणी राहिले, तर समोशाची पट्टी मऊ पडते आणि तळताना फुटते. नंतर बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, पुदिना आणि गरम मसाला घातला. कांदा चिरण्याचे काम मुलाकडे होते. एक किलो कांदा चिरता चिरता त्याचे डोळे लाल झाले. "दादी, तुम्ही रोज रडत होता का?" असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही सगळे खूप हसलो.

सारण मोठ्या परातीत पसरून पंख्याखाली पूर्ण गार केले. मैदा पाण्यात कालवून घट्ट खळ तयार केली. समोशाच्या पट्ट्या बाजारातून आणल्या होत्या. पट्टीचे एक टोक तिरपे दुमडायचे, त्याचा शंकूसारखा खिसा करायचा, त्यात चमचाभर सारण भरायचे, पट्टी गुंडाळत न्यायची आणि शेवटी खळ लावून टोक चिकटवायचे. अम्मींची बोटे हे काम न बघता करत होती. त्यांचा प्रत्येक समोसा असा तीन कोनी होई, की भूमितीच्या पुस्तकात छापावा! मुलाचे पहिले पाच-सहा समोसे मात्र कोणत्याच आकृतीत बसत नव्हते. अम्मींनी त्याचा हात धरून त्याला घडी शिकवली. एवढ्या वर्षांत दादीने नातवाला स्वयंपाकातले काही शिकवले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

एकूण १२० समोसे झाले. ते ताटात एकमेकांना न चिकटतील असे मांडून आधी गोठवले. दगडासारखे घट्ट झाल्यावर सहा-सहांच्या २० पिशव्या भरल्या. मुलांच्या अब्बांनी प्रत्येक पिशवीवर तारखेची चिठ्ठी लावली. आमच्या मुलीने त्या दिवशी एकही समोसा केला नाही. ती आतल्या खोलीत बीजगणिताची उदाहरणे सोडवत होती.

तुम्ही विचाराल, की हे समोसे खराब कसे होत नाहीत? अन्न बिघडवणारे सूक्ष्म जीव उबेत आणि ओलाव्यात भराभर वाढतात. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात त्यांची वाढ थांबते. पण लक्षात ठेवा, ते मरत नाहीत, नुसते निद्रिस्त होतात. ऊब मिळताच पुन्हा जागे होतात. म्हणून तीन नियम पाळावेत. शिजवलेले सारण तासन्‌तास बाहेर ठेवू नये. ते गरम असताना फ्रीझरमध्ये घालू नये, नाहीतर शेजारचे पदार्थही वितळू लागतात. आणि एकदा पूर्ण वितळलेला पदार्थ पुन्हा गोठवू नये. तळताना समोसे फ्रीझरमधून काढून थेट मध्यम गरम तेलात सोडावेत. ते बाहेर ठेवून वितळू दिले, तर पट्टी ओली होते.

पदार्थ भराभर गोठणे चांगले. सावकाश गोठला, तर त्यातल्या पाण्याचे मोठे मोठे स्फटिक होतात. ते मांसाचे धागे फाडतात आणि चव बिघडते. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या अमेरिकन माणसाने हे ओळखले. १९१२ साली तो लॅब्राडोर या अतिथंड प्रदेशात गेला होता. आज हा प्रदेश कॅनडात आहे. तेथील इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे धरत. बाहेरच्या कडक थंडीत ते मासे पाहता पाहता गोठत. पुष्कळ दिवसांनी शिजवले तरी त्यांची चव ताज्या माशासारखी लागे. बर्ड्सआयने पुढे भराभर गोठवणारी यंत्रे तयार केली. १९३० साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरातील दुकानांत असे गोठवलेले पदार्थ विकायला ठेवण्यात आले.

अमेरिकेत ही बेगमी घरोघरी चालते. माझी एक मैत्रीण तेथे टेक्सास राज्यात राहते. तिच्या शेजारची बाई मूळची मेक्सिकोची. ती दर रविवारी 'एन्चिलाडा' करून ठेवते. शिजवलेल्या चिकनचे धागे काढायचे, ते मक्याच्या पातळ रोटीत गुंडाळायचे, अशा गुंडाळ्या थाळीत शेजारी शेजारी मांडायच्या आणि वरून मिरचीचा दाट रस्सा व चीज घालायचे. थाळी झाकून फ्रीझरमध्ये ठेवली, की कामाच्या दिवशी संध्याकाळी ती फक्त भट्टीत भाजून घ्यायची. 'एन्चिलाडा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थच 'मिरची लावलेली' असा आहे. आणि गंमत पाहा, आपल्या समोशातली मिरचीही मूळची तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी ती आपल्या देशात आणली. तिकडची आई थकून कामावरून येते, इकडचीही येते. दोघींची अडचण एक आणि दोघींचा उपायही एक.

२ मार्चला पहिला रोजा झाला. असरनंतर मुलगी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले. मुलाने फळे चिरली आणि दस्तरखान मांडला. मी मगरिबला दहा मिनिटे असताना कढई ठेवली. सहा समोसे तळून ताटात आले, तेव्हा ते इतके गरम होते, की हात लावता येत नव्हता. अम्मींनी खजुराने रोजा सोडला आणि एक समोसा मोडून खाल्ला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे." अम्मी एवढेच बोलल्या, म्हणजे पदार्थ उत्तम झाला, असे आमच्या घरात समजतात.

पुढच्याच आठवड्यात एके दुपारी वीज गेली, ती बराच वेळ आली नाही. बाहेर ऊन तापलेले होते. मी शाळेतून धावत घरी आले, तर अम्मी फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. फ्रिजवर त्यांनी जाड गोधडी पांघरली होती. मुलगा पाण्याची बाटली काढायला आला, तर त्यांनी त्याला दरडावले, "दाराला हात लावू नकोस! आतली थंडी बाहेर जाईल." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. दार बंद राहिले आणि फ्रीझर गच्च भरलेला असला, तर आतली थंडी पुष्कळ वेळ टिकते. संध्याकाळी वीज आली. समोसे अजून दगडासारखे घट्ट होते. शिळे म्हणून ज्यांनी नाक मुरडले होते, त्याच आता त्यांच्या पहारेकरी झाल्या होत्या!

परीक्षा संपली. मे महिन्यात निकाल लागला आणि मुलगी चांगली पास झाली. तिला किती गुण मिळाले, ते मी सांगत नाही. नाहीतर तुम्ही म्हणाल, की समोशांमुळे गुण मिळाले. गुण तिला तिच्या अभ्यासाने मिळाले. समोशांनी तिला फक्त वेळ दिला.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत मी अम्मींजवळ ओसरीवर बसले होते. मगरिबला अजून पाऊण तास होता आणि करायला काहीच काम नव्हते. लग्नानंतर रमजानमधल्या अशा वेळी मी कधी बसलेली मला आठवत नाही. अम्मी तसबीह फिरवत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पुढच्या शाबानमध्येही समोसे करून ठेवू. पोरीची परीक्षा नसली तरी. तू पण कधी तरी बसत जा."

मुलांनो, वेळ पिशवीत भरून ठेवता येत नाही, हे खरे. पण काम आधी करून ठेवता येते आणि ते सर्वांनी वाटून घेता येते. मग वाचलेला वेळ ज्याला हवा त्याला मिळतो. तुमच्या घरीही सणाच्या आधी, लग्नाच्या आधी किंवा परीक्षेच्या आधी अशी बेगमी करता येईल. समोसेच हवेत असे नाही. खिम्याची टिक्की, वाटलेला मसाला, सोललेला लसूण, काहीही चालेल. पिशवीवर तारखेची चिठ्ठी लावायला मात्र विसरू नका.

आणि आज संध्याकाळी घरी गेल्यावर एक गोष्ट करा. स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर उभे राहा. आत कोण काम करत आहे, ते पाहा. तिला एक तास मिळाला, तर ती काय करील, हे तिलाच विचारा. उत्तर ऐकून घ्या, आणि मग कांदे चिरायला बसा.