माझे ३३,८०० आणि दादाची फवारणी

थोडं लांब झालंय, पण पगारदार मित्रांनी शेवटपर्यंत वाचा.

मी जिल्हा परिषद शाळेत मास्तर, गाव दारव्हा तालुक्यात. वर्षाचा पगार नऊ लाख. २०२४-२५ ला नव्या पद्धतीनं माझा आयकर निघाला ३३,८०० रुपये. १ फेब्रुवारी २०२५ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बारा लाखांपर्यंत (पगारदारांना पावणेतेरा) कर शून्य केला आणि पुढच्या वर्षी माझे हे सगळे पैसे वाचले. ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले. मीही टाकला, खोटं कशाला बोलू?

त्याच हंगामात दादासोबत कृषी केंद्रात गेलो. दादा घरची पाच एकर पऱ्हाटी अन् तूर पाहतो. फवारणीचं औषध घेतलं, बिलावर १८ टक्के जीएसटी. बिल माझ्या हातात देत दादा म्हणाला, "मास्तर, तुले माफ झालं म्हणते. मंग हे मले काऊन लावते?"

म्हटलं, "दादा, तो आयकर. हा जीएसटी."

"खिसा त एकच हाये ना बाप्पा!"

मी गप्प बसलो. शेती उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून "शेतकरी कर भरत नाही" असं आपणच स्टाफरूममध्ये म्हणतो. पण कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते. दादाला मिळत नाही. कापसाचा भावही तो ठरवत नाही, त्यामुळे हा कर त्याच्याच अंगावर राहतो.

आता वरच्यांचं पाहा. २०२३ च्या बजेटात पाच कोटींवर कमावणाऱ्यांचा अधिभार नव्या पद्धतीत ३७ वरून २५ टक्क्यांवर आणला. सेससकट वरचा दर ४२.७४ वरून ३९ टक्के झाला. दहा कोटी कमावणाऱ्याचे ढोबळमानाने वर्षाला ३७ लाख वाचले. माझ्या ३३,८०० चा नंबर दोन वर्षांनी लागला.

कोणी म्हणेल, श्रीमंतांवर कर वाढवला की ते पैसा लपवतात. यात तथ्य आहे. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना १९७३-७४ ला वरचा दर ९७.७५ टक्के होता. करचुकवेगिरी इतकी वाढली, की पुढच्याच वर्षी तो ७७ वर आणावा लागला. ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. पण ९७ आणि ३९ च्या मध्ये बरीच जागा आहे.

एक कर मात्र माझ्या पगारातून अजूनही कापला जातो. व्यवसाय कर, महिन्याला २०० अन् फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ ला आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. मजुराच्या हाताला काम द्यायचं, तर पैसा नोकरदार आणि व्यापाऱ्यांकडून घ्यायचा, हे तेव्हा ठरलं. माझ्या आईनं रोहयोच्या कामावर माती वाहिली. त्या मजुरीवर घरात ज्वारी आली. कोण्या तरी बाबूच्या पगारातून कापलेले ते पैसे होते. त्याचं नावही तिला माहीत नव्हतं.

म्हणून हे २,५०० कापले गेले की मी कुरकुर करत नाही.

सामान्य घराला सूट मिळाली, चांगलंच झालं. ती परत घ्या असं कोणी म्हणू नये. पण ती भरून काढायची तर दादाच्या औषधाच्या बिलातून नाही, पाच कोटींच्या वरून काढा. २०२३ पर्यंत जो अधिभार होता तोच पुन्हा लावा. आणि फवारणीच्या औषधावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणा.

पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा, पण घरातलं एखादं कृषी केंद्राचं बिल आधी काढून बघा.