न मारलेली गाठ

अम्मीचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. खडकी बाजारातल्या आमच्या घरात ती पलंगावर बसली होती. म्हणाली, "आतले टाके काढायचे नाहीत, विरघळतील, असं डॉक्टर सांगतात. प्लॅस्टिक पोटात विरघळतं का रे बेटा?"

मी पॉलिमर केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आमच्यापासून फार लांब नाही. १९९० च्या दशकात तिथं डॉ. एस. शिवराम आणि डी. बास्करन यांनी 'लिव्हिंग' पॉलिमरायझेशनवर काम केलं. मलाही तेच करायचं होतं. पण अब्बा गेले आणि मी क्लास घेऊ लागलो. घरात हा विषय कुणी काढत नाही.

अम्मीनं आयुष्यभर मण्यांच्या माळा ओवल्या. व्यापारी मणी मोजून घ्यायचा. शंभराला दोन कमी भरले की माळ परत. म्हणून मी तिला माळेवरूनच सांगितलं.

पॉलिमर म्हणजे रेणूंची माळ. नेहमीच्या पद्धतीत गाठ कुठं बसेल याचा नेम नसतो. एक माळ वीस मण्यांची, दुसरी पाचशेची. १९५६ साली मायकेल श्वार्क यांनी दाखवलं, की गाठच बसू दिली नाही तर सगळे धागे बरोबरीनं वाढतात. धागे शंभर आणि मणी दहा हजार असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण शंभर. टोकं उघडी राहतात, म्हणून त्या माळांना 'जिवंत' म्हणायचं.

काही टाक्यांच्या धाग्यात कॅप्रोलॅक्टोन नावाचा मणी असतो. ती बंद कडी. उघडल्याशिवाय ओवता येत नाही. त्यासाठी सर्रास कथिलाचं संयुग वापरतात, पण कथील मालात मागं राहतं आणि शरीरात ते नको असतं. २००४ साली स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी हेच काम टार्टारिक, सायट्रिक अशा साध्या सेंद्रिय आम्लांकडून करून घेतलं. २०११ मध्ये जपानच्या होक्काइडो विद्यापीठात डायफेनिल फॉस्फेट या आम्लानं ते खोलीच्या तापमानाला आणि मोजून-मापून साधलं. आम्ल कडी सैल करतं, स्वतः माळेत अडकत नाही. ओलावा मात्र चालत नाही. पाण्याचा प्रत्येक रेणू स्वतःच नवा धागा होऊन बसतो आणि हिशोब चुकतो.

"टार्टारिक म्हणजे?"

"चिंचेतलं आंबट, अम्मी."

ती हसली आणि टाका दुखला म्हणून थांबली. "मग पोटात विरघळतं कसं?"

"पाण्यानंच. ओवताना ज्याला लांब ठेवलं, तेच आत एकेक दुवा तोडत जातं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आणि गाठ न मारलेली माळ? मणी संपले की वाया जाते?"

"नाही. कोरडी ठेवली आणि नवे मणी घातले, तर पुन्हा वाढू लागते."

ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

त्या रात्री मी पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म उघडून बसलो. माझं वय ३४. फॉर्म अजून भरलेला नाही. जुन्या वह्या मात्र माळ्यावरून खाली काढल्या आहेत.